मध्यावधीचा कौल : कोणाचा आणि कशासाठी?

आजचा विषय अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांचा आहे. पण सुरुवात आपण शब्दापासून करू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. आपल्याकडे 'मध्यावधी' म्हटलं की सरकार पडलं, लोकसभा विसर्जित झाली, असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. १९७१, १९८०, १९९१, १९९८, १९९९ या आपल्या मध्यावधी निवडणुका. सगळ्या मुदतीआधी आलेल्या. अमेरिकेत तसं नसतं. तिथे मध्यावधी ही पंचांगातल्या तिथीसारखी ठरलेली असते. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. तिच्या मधोमध, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी, प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा पुन्हा मतदारांपुढे जातात. अध्यक्ष मात्र आपल्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याचं नाव मतपत्रिकेवर नसतं.

आता दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं आठवा. तिथली आणि आपलीही. मथळा ठरलेला असतो : 'जनतेचा अध्यक्षांविरुद्ध कौल.' आज आपल्याला तपासायचं आहे ते हे वाक्य. आमचं म्हणणं असं, की हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि जी बाजू त्यातून सुटते ती जास्त महत्त्वाची आहे.

कौल म्हणजे काय? कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा आधी गाऱ्हाणं घालतात. प्रश्न स्पष्ट असतो, मग उत्तराला अर्थ येतो. मध्यावधीत प्रश्न एक नसतो. ४३५ मतदारसंघांत ४३५ लढती असतात. तरीही निकाल बघा : गेल्या शंभर वर्षांत अध्यक्षाच्या पक्षाने मध्यावधीत प्रतिनिधीगृहातल्या जागा वाढवल्या अशी उदाहरणं फक्त तीन. १९३४, १९९८ आणि २००२. पहिलं महामंदीच्या काळातलं, दुसरं क्लिंटन यांच्यावर महाभियोगाची तयारी चालू असतानाचं, तिसरं ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचं. बाकी प्रत्येक वेळी अध्यक्ष चांगला असो की वाईट, त्याच्या पक्षाच्या जागा घटल्या. प्रत्येक रोग्याला तेच औषध देणाऱ्या वैद्याने नाडी पाहिली असं आपण म्हणू का?

याचं एक जुनं स्पष्टीकरण १९६० मध्ये अँगस कॅम्पबेल या अभ्यासकाने दिलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला वातावरण तापलेलं असतं, म्हणून एरवी राजकारणात फारसा रस नसलेला मतदारही बाहेर पडतो. त्यातला मोठा भाग विजेत्याच्या बाजूने जातो. दोन वर्षांनी भरती ओसरते, तो मतदार घरी बसतो, आणि अध्यक्षाचा पक्ष आपटतो. म्हणजे 'जनतेने मत बदललं' असं जे आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा 'जनता आलीच नाही' हे दडलेलं असतं. हे स्पष्टीकरण सगळ्या निकालांना पुरत नाही. मत बदलणारे लोकही असतातच. पण मथळा वाचताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

दुसरा मुद्दा. या निवडणुकीतून विरोधकांच्या हाती काय येतं? मुख्यतः अडवण्याची ताकद. २०१० चं उदाहरण घेऊ. मार्च २०१० मध्ये ओबामांनी आरोग्यविमा कायद्यावर सही केली. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या. १९४८ नंतर एवढी पडझड कोणत्याच पक्षाची झाली नव्हती. मग कायदा रद्द झाला का? नाही. रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात तो रद्द करण्याचे ठराव पुन्हा पुन्हा मंजूर केले, पण सिनेट आणि अध्यक्ष आडवे होते. उलट २०११ च्या उन्हाळ्यात सरकारी कर्जमर्यादेवरून अशी ओढाताण झाली की स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा खाली आणलं. पुढच्या काळात जुना कायदाही राहिला आणि मोठा नवा कायदाही होईना.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. १९९४ चं काय? तेव्हा न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी ५४ जागा वाढवल्या आणि ४० वर्षांनी प्रतिनिधीगृह ताब्यात घेतलं. आधी तिथेही अडवाअडवीच झाली. १९९५च्या डिसेंबरपासून २१ दिवस सरकारी कामकाज अंशतः ठप्प होतं. पण १९९६ मध्ये गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची जुनी व्यवस्था मोडणारा कायदा झाला, आणि त्यावर सही केली ती डेमोक्रॅट क्लिंटन यांनी. म्हणजे मध्यावधी धोरण घडवूही शकते. मात्र त्यासाठी हरलेल्या अध्यक्षाला समोरच्याच्या दिशेने दोन पावलं चालावं लागतं. आजच्या अमेरिकेत तशी चाल दुर्मीळ झाली आहे.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वर्ष २०१४. त्या मध्यावधीला मतदानाला पात्र असलेल्या शंभरातले जेमतेम ३६-३७ लोक आले. १९४२ नंतरचा हा नीचांक. दोनच वर्षांपूर्वी अध्यक्षपदासाठी ५८ च्या आसपास आले होते. या कमी गर्दीच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी सिनेटच्या ९ जागा मिळवल्या आणि त्यांचं बळ ५४ झालं. मथळे आले, विसरले गेले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. तिथे न्यायमूर्तींच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. २०१४ मध्ये आलेल्या बहुमताने त्या नावावर साधी सुनावणीही घेतली नाही. जागा वर्षभर रिकामी राहिली. ट्रम्प अध्यक्ष झाले, आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथे नील गोर्सच बसले. जून २०२२ मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा जवळजवळ ५० वर्षं चालत आलेला घटनात्मक हक्क काढून घेतला. 'रो विरुद्ध वेड' हा निकाल उलटवणारे न्यायमूर्ती पाच होते, आणि त्यांतले एक गोर्सच.

मान्य, या साखळीत इतर कड्याही आहेत. २०१६ ची अध्यक्षीय निवडणूक ही सर्वांत मोठी. पण २०१४ ची कडी काढून पाहा, साखळी तुटते. घरी बसलेल्या मतदाराला त्या मंगळवारी न्यायालय आठवलंही नसेल. त्याच्या समोर फक्त एका सिनेटरचं नाव होतं. आठ वर्षांनी कुठल्या तरी राज्यातल्या एखाद्या बाईला दवाखान्यातून परत पाठवलं जातं, तिचा संबंध त्या मंगळवाराशी आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही आपली म्हण इथे लागू पडते.

निदान झोपा तरी केला गेला. नोव्हेंबर २०२२ च्या मध्यावधीत महागाई होती, बायडन यांची लोकप्रियता कमी होती, रिपब्लिकनांची लाट येणार असं सगळे सांगत होते. लाट आली नाही. त्यांना प्रतिनिधीगृह मिळालं ते काठावर, २२२ विरुद्ध २१३. सिनेट डेमोक्रॅटांनी राखली. मिशिगनच्या मतदारांनी त्याच दिवशी गर्भपाताचा हक्क आपल्या राज्यघटनेत घातला. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार प्रथमच प्रतिनिधीगृहात निवडून गेले तेही त्याच दिवशी, त्याच मिशिगनमधून.

हे सगळं आपण का ऐकायचं? कारण आपल्याकडे सध्या उलट दिशेचा विचार चालू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत १२९ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी निवडायच्या. मध्येच सभागृह विसर्जित झालं तर नवं सभागृह फक्त उरलेल्या मुदतीपुरतं. बाजूचे लोक म्हणतात, सारख्या निवडणुकांनी खर्च होतो, आचारसंहितेत कामं अडतात. यात तथ्य आहे. अमेरिकेत तर दोन वर्षांची मुदत असल्याने प्रतिनिधी निवडून आल्या दिवसापासून पुढच्या प्रचाराला लागतो, अशी तक्रार जुनीच आहे.

पण आपल्याकडे मध्यावधीचं काम वेगळ्या वेळी येणाऱ्या निवडणुका करतात, हेही बघा. २०२४ च्या लोकसभेला महायुतीला महाराष्ट्रात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. त्याच जूनअखेरच्या राज्य अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींना महिना दीड हजार रुपये जाहीर झाले, आणि नोव्हेंबरात विधानसभेला महायुती प्रचंड बहुमताने परत आली. ही योजना चांगली की वाईट, हा वाद वेगळा. मुद्दा एवढाच, की मधल्या एका निकालाने सरकारला हलवलं. दोन्ही मतदानं एकाच दिवशी झाली असती तर असा मधला निकाल आलाच नसता.

म्हणून आमचं मत असं : मुदतीच्या मध्ये मतदाराला विचारणं हा लोकशाहीचा वायफळ खर्च नव्हे. मात्र तो लगाम ज्यांच्या हाती जातो ते त्या दिवशी मतदानाला आलेले लोक असतात, सगळी जनता नव्हे. पुढच्या अमेरिकी मध्यावधीचा मथळा वाचाल तेव्हा जागांच्या आकड्याबरोबर मतदानाची टक्केवारी आणि सिनेटचं बळ, हे दोन आकडेही शोधा. पुढच्या काही वर्षांचं धोरण त्यांत सापडण्याची शक्यता जास्त आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.