एका जुन्या आवडीची फेरतपासणी

ज्या कलाकृतीनें आपल्या तारुण्यास वाचा दिली, तिच्याविषयीं निःपक्षपातीपणें लिहिणें कठीण असतें. दोष दाखवूं गेलें तर आपलाच पूर्वीचा भाबडेपणा उघडा पडतो. गुण गाऊं गेलें तर तें गतकालाचें रडगाणें ठरतें. 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश रॉक बँडच्या तबकड्यांविषयीं आमची अवस्था अशीच झाली आहे. तथापि त्या पुन्हां क्रमानें ऐकल्यावर आमच्या मतांत जो पालट झाला, तो वाचकांपुढें मांडणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

कॉलेजांत असतांना १९७९ सालची 'द वॉल' आम्हांस सर्वांत प्रिय होती. तिच्या नायकाचा बाप महायुद्धांत पडतो. पुढें शाळामास्तर, आई, बायको यांच्यापायीं त्याच्या भोंवतालची भिंत विटेविटेनें उंच होते. आमच्यावर कोणीं फारसा जुलूम केला नव्हता. परंतु वसतिगृहाच्या खोलीचें दार लावून ऐकतांना आपणांसही जगानें छळलें आहे, असा एक सुखद भास होई. १९७५ सालच्या 'विश यू वेअर हिअर'चा मात्र आम्हांस कंटाळा असे. तिच्या आरंभींच्या गाण्यांत शब्द यावयास आठ मिनिटांहून अधिक काळ जातो. तेवढा धीर कोणास होता? आम्ही कॅसेट पुढें सरकवीत असूं.

आज पारडें फिरलें आहे. सिड बॅरेट हा या बँडचा पहिला सूत्रधार. १९६७ सालची पहिली तबकडी बहुतांशीं त्याचीच. मनाचा तोल ढळल्यामुळें १९६८ सालीं तो बाहेर पडला. सात वर्षांनीं त्याचे मित्र 'विश यू वेअर हिअर'चें काम करीत असतां, डोकें व भुवया भादरलेला एक स्थूल गृहस्थ लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंत येऊन उभा राहिला. आणि कांहीं वेळ त्यास कोणीं ओळखिलें नाहीं. हा प्रसंग आम्हांस पूर्वींही ठाऊक होता. परंतु ज्या मित्राच्या कॅसेटींवर आम्हीं हें सर्व प्रथम ऐकलें, तो गेल्या वर्षीं भेटला, तेव्हां त्यानें नांव सांगेपर्यंत आम्हींही त्यास ओळखिलें नाहीं. त्या रात्रीं डेव्हिड गिल्मरच्या गिटारीचे ते चार सूर ऐकतांना शब्दांस उशीर कां, हें उमगलें. ज्यास हांक मारावयाची तोच दूर गेला आहे; अशा हांकेस शब्द सुचावयास वेळ लागणारच. रिचर्ड राइटच्या कीबोर्डाचे लांब स्वर तोंवर त्याची जागा राखून ठेवतात.

मग 'द वॉल' टाकाऊ ठरली काय? तसें नव्हे. शेवटीं नायकावरच खटला चालतो, मास्तर, बायको व आई त्याच्याविरुद्ध बोलतात आणि भिंत पाडण्याची शिक्षा होते. आम्हीं हा भाग केवळ गंमत म्हणून ऐकला. आरोपी कोण, हें ध्यानांत घेतलें नाहीं. कृति आमच्याहून शहाणी होती. दोष आहे तो निराळाच. रॉजर वॉटर्सच्या दुःखाचा आवाज तेथें इतका मोठा आहे कीं इतरांस जागाच उरत नाहीं. 'कम्फर्टेबली नम्ब' मनांत राहतें, कारण त्यांत वॉटर्सच्या शब्दांशीं गिल्मरची चाल झोंबी घेते. त्याच सुमारास राइटला बँड सोडावा लागला. १९८३ सालच्या 'द फायनल कट'मध्यें तो नाहींच. १९४४ सालीं इटलींत पडलेल्या पित्याविषयींचा वॉटर्सचा शोक अगदीं खरा आहे. परंतु त्यास वळण देणारा दुसरा सूर नसल्यानें त्याचें व्याख्यान होतें.

तात्पर्य, एकाकीपणाचा अभिमान देणारी कला तारुण्यांत गोड लागते. दुसऱ्याच्या उणिवेची जाणीव देणारी पुढें सोबत करते. आमच्या घरांतील तरुण मंडळी हल्लीं 'द वॉल' ऐकूं लागली आहे. आम्ही त्यांना अडविणार नाहीं. शेवटचा खटला मात्र त्यांनीं न चुकवितां ऐकावा, एवढीच विनंती.