माळवद उतरवताना
मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, तिथं जुन्या वस्तीत भिंत हलवायची तर परवानगी लागते. मोहोळच्या गल्लीत आपल्याला कोण विचारतंय? म्हणून मंडळी, आपणच विचारायचं. दर्शनी कमान ठेवली, मागं माळवद उतरवून जुन्याच भिंतींवर स्लॅब ओतला. याला आम्ही जतन म्हणत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपापासून लोक माळवदाला भितात. भीती खोटी नाही. दगडमातीच्या भिंतींवर मातीचं केवढं ओझं! पण ते उतरवून काँक्रीटचं चढवायचं? वाढीव खोल्या परसात घ्या, स्वतःच्या कॉलमवर, जुन्या भिंतीपासून सुट्या. आणि चौक झाकू नका. चौकावर पत्रा टाकलेल्या घरात मे महिन्यात दुपारी तासभर बसून बघा.