फावड्यावर भाजलेले धणे

परदेशी पदार्थांच्या ‘सोप्या’ घरगुती कृतींवर आपल्याकडे एकच आक्षेप घेतला जातो : हे अस्सल नव्हे. हा आक्षेप मला आळशी वाटतो. अस्सलपणाचीच मोजपट्टी लावली तर कुठल्याही देशातली घरची चूल नापास होईल. सोपी कृती वाचताना प्रश्न वेगळा विचारायला हवा. सोपे करताना रांधणाऱ्याच्या हातातले नेमके कोणते काम काढून घेतले? ‘करी’च्या बाबतीत याचा माग काढता येतो, कारण तिचा प्रवास पाकपुस्तकांत नोंदलेला आहे.

इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांचे पाकपुस्तक १७४७ साली निघाले. ‘साधे आणि सोपे’ हे शब्द त्याच्या नावातच आहेत. त्यात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे : दोन कोंबड्या किंवा ससे, कांदे, तीस मिरे, धणे आणि चमचाभर तांदूळ. पहिल्या आवृत्तीत हळद नाही, मिरची नाही. फोडणीचा तर पत्ताच नाही. लोणी येते ते शेवटी. आपल्याकडच्या आमटी, सार, रस्सा, कालवण, हुमण या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची, असे म्हणून पुस्तक मिटता येईल. पण बाईंनी धणे स्वच्छ फावड्यावर घेऊन विस्तवावर भाजायला आणि मग कुटायला सांगितले आहेत. इथे मी थांबलो. चव पार बदलली, भांडे बदलले, पण भाजणे टिकले. धणे कधी उतरवायचे हे अजून रांधणारीच्या नाकावर सोपवलेले आहे.

पुढे डब्यातली करी पावडर आली आणि हे काम घरातून गेले. तीच पावडर मेइजी काळात इंग्लंडहून जपानला पोचली. १८७२ साली तिथे पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन पुस्तके निघाली आणि दोन्हींत करी आहे. पाश्चात्त्य पदार्थ म्हणून! एकीत कोंबडी, कोळंबी आणि कालवांबरोबर बेडूकही आहे. कांदा, बटाटा, गाजर हे आजचे त्रिकूट स्थिरावायला आणखी काही दशके गेली.

जपानी नौदलाच्या १९०८ च्या पाकपुस्तिकेत हे त्रिकूट आहे आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्टही. गव्हाचे पीठ बैलाच्या चरबीत तांबूस होईपर्यंत परतायचे, त्यात करी पावडर घालायची, मग सूप. सोबत लोणचे, म्हणजे चटणी, शब्द आपलाच. मसाला आयता आला तसे भाजण्याचे काम मसाल्यावरून पिठावर सरकले. ‘करीत मैदा?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आठवावे की कढीला आणि अळूच्या भाजीला आपणही पीठ लावतो, फक्त ते पाण्यात किंवा ताकात कालवून. चकलीची भाजणी ज्याने केली आहे, त्याला या नौदलाच्या स्वयंपाक्याचे कौशल्य वेगळे सांगायला नको.

अस्सलाचा प्रयत्नही जपानात झाला. १९१५ मध्ये तिकडे पोचलेल्या रासबिहारी बोसांना टोकियोतल्या नाकामुराया या पावाच्या दुकानाच्या मालकांनी आश्रय दिला; पुढे ते त्या घरचे जावई झाले. १९२७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाने तिथे हाडासकट कोंबडीची, बिनपिठाची भारतीय करी विकायला सुरुवात झाली. ती गाजली, आजही मिळते. पण तिच्यासाठी माणसे नाकामुरायात जात राहिली. घरोघर गेली ती पिठाचीच करी, कारण ती चिकट जपानी भाताला धरून राहते आणि हाताशी असलेल्या जिनसांत होते. हा अस्सलाचा पराभव मला वाटत नाही. ती दोन वेगळ्या जागांची जेवणे आहेत.

माझी खरी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. १९५० च्या दशकात चरबी, पीठ, मसाला, मीठ एकत्र करून थिजवलेल्या करीच्या वड्या घरोघर पोचू लागल्या. १९६३ मध्ये सफरचंद-मधाची ‘व्हरमाँट’ करी आली, मुलांना तिखट लागू नये म्हणून. १९६८ मध्ये तर शिजवलेली करीच पाकिटात आली. वडीची कृती अशी : भाजी-मांस शिजवा, आच बंद करा, वडी मोडून विरघळवा. कधीही न बिघडणारी कृती आहे ही, आणि दमून घरी आलेल्या माणसाला ती नाकारण्याचा अधिकार मला नाही. पण तिखट-मिठाचा आणि रंगाचा निर्णय आता कारखान्यात झालेला असतो. इथे बिघडवता येत नाही, तसे सुधारताही फारसे येत नाही. म्हणून १९०८ ची कृती मला १९६३ च्या कृतीपेक्षा सरस वाटते, जरी दोन्ही हिंदुस्थानापासून सारख्याच दूर आहेत.

आणि ती खरोखर सोपी आहे. चौघांसाठी तीन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, जाड बुडाचे भांडे, मंद आच. हात थांबवायचा नाही. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग बिस्किटासारखा. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा झाला की उतरवायचे. दीड चमचा करी पावडर त्यानंतरच घालायची. आचेवर आधी घातली तर करपते.