पाटी बदलते तेव्हा

कल्याणच्या फलाटावर इंडिकेटरवर 'एन' अक्षर दिसले की आम्ही कसारेकर डबा धरतो. कसाऱ्याच्या नावात 'एन' कुठेच नाही. पण वर्षानुवर्षे तेच आहे, म्हणून चूक होत नाही. नाव अर्थपूर्ण असण्यापेक्षा टिकणे महत्त्वाचे, हे मी तिथे शिकलो. ॲपच्या दुकानांची नावे बदलतात तेव्हा मला हेच आठवते.

६ मार्च २०१२ रोजी गूगलने 'अँड्रॉइड मार्केट'ची पाटी उतरवून 'गूगल प्ले' लावली. यंत्राचे काही अडले नाही. 'मार्केट'ने सुरू होणारे जुने दुवे फोनला आजही कळतात. माणसांना मात्र नवे नाव सांगावे लागले. संकेतस्थळावरचे चिन्ह, छापील पत्रक, 'मार्केटमध्ये शोधा' ही ओळ, सारे बदलणे ॲप बनवणाऱ्याच्या गळ्यात पडले. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी जाहिरात विभाग असतो. एकट्या माणसाचा ॲप सुधारण्याचा वेळ त्यात जातो.

मात्र सगळा दोष नावावर टाकणे बरोबर नाही. विक्रीतून ३० टक्के कापण्याची रीत 'मार्केट'च्या काळातलीच होती. नव्या पाटीने ती आणली नाही आणि घालवलीही नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी 'इंडस ओएस' उभी केली. तिच्या दुकानाचे नाव 'ॲप बझार'. २०२२ मध्ये कंपनी फोनपेकडे गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'इंडस ॲपस्टोअर' आले. बारा भारतीय भाषा, पहिल्या वर्षी नोंदणी शुल्क नाही, बाहेरची पेमेंट व्यवस्था वापरली तर दलाली नाही. या सवलती छोट्या विकसकाच्या खऱ्याच उपयोगाच्या. पण आपल्या भाषांचा कैवार घेणाऱ्या दुकानाने पाटीवरचा आपलाच शब्द पुसला.

दोन्हीकडे नेमका 'बाजार' गळाला, हे मला खटकते. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेली बाई गिऱ्हाईक ओळखते, भाव ठरवते, जागा हलवली तर आधी भांडते. 'प्ले' आणि 'स्टोअर' या शब्दांत घेणारा दिसतो, विकणारा दिसत नाही.

मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय ॲप काढली. सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. त्यांत नामवंत कंपन्या होत्या. खोलीत एकट्याने ॲप बनवणाऱ्या पोरासाठी कोण मध्ये पडणार? म्हणून नवी पाटी लागली की मी तीनच प्रश्न विचारतो: आधी कळवले का, खर्च कुणाचा, आणि दाद कुठे मागायची?