प्रवासवर्णनातला निरोगी प्रवासी

मराठी प्रवासवर्णन वाचताना वाचकाने लेखकाच्या प्रकृतीची कधी चौकशी केली आहे काय? आम्ही तरी केली नव्हती. १९०७ साली छापून निघालेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून १९६० च्या ‘अपूर्वाई’पर्यंत प्रवासी लुटला जातो, उपाशी राहतो, थंडीने काकडतो, पण त्याचे पाय व फुप्फुसे शाबूत आहेत हे आपण गृहीतच धरून चालतो. आजारी माणूस आपल्या साहित्यात एक तर घरी खाटेवर असतो, नाही तर इस्पितळात. तो वाटेत कधी भेटत नाही. ‘अपूर्वाई’कारांनाच अखेरच्या वर्षांत पार्किन्सनने ग्रासले, त्या थरथरत्या हाताचे प्रवासवर्णन मात्र आपल्या वाट्यास आले नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एका वहीमुळे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणी भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची ही वही. बाईंना पल्मनरी फायब्रोसिस जडला होता. या आजारात फुप्फुसे हळूहळू राठ होत जातात आणि गेलेला भाग परत येत नाही. नोकरीच्या काळात शाळेच्या सहली घेऊन त्या कितीतरी वेळा अजिंठ्यास गेल्या होत्या. आता एकदा मुलांची मोजदाद न करता लेणी पाहावीत अशी त्यांची इच्छा होती. भाच्याच्या मोटारीतून त्या गेल्या, एका दिवसात परत आल्या, आणि जे घडले ते चाळीस पानांत लिहून काढले. आमच्या छोट्या साहित्यमंडळात ती वही वाचली गेली तेव्हा अभिप्राय असा पडला की, हे प्रवासवर्णन नव्हे, ही यंत्राची नोंदवही आहे. हा अभिप्राय दुसऱ्या कोणी दिला नव्हता, आम्हीच दिला होता. तो चुकीचा होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

वहीत यंत्र आहे हे खरेच. खांद्याला अडकवता येईल असा, अडीच-तीन किलो वजनाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. त्यात साठवलेला प्राणवायू नसतो. आपल्याभोवतीच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. यंत्र ती हवा आत ओढते, झिओलाइट नावाच्या खनिजाचे कण तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला प्राणवायू नळीवाटे नाकाशी येतो. म्हणजे सिलिंडर संपण्याची धास्ती नाही, धास्ती बॅटरीची. शिवाय ही लहान यंत्रे बहुधा श्वास आत घेतला जाईल त्या क्षणीच प्राणवायू सोडतात. चढण लागली, धाप लागली, माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला की यंत्राला तो श्वास कळत नाही आणि ते केकाटू लागते. नेमके हवे तेव्हाच ते रुसते, असे बाईंनी लिहिले आहे. हे वाक्य आम्हांस पहिल्या वाचनात तक्रारीचे वाटले होते. आता त्यातला विनोद दिसतो.

संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. वहीतली पहिली नऊ पाने या रस्त्याची आहेत, पण त्यांत निसर्ग जवळजवळ नाही. मोटारीच्या सॉकेटवर यंत्र चालत असल्याने बॅटरी शिल्लक राहत आहे, हाच त्या पानांतला आनंद. फर्दापूरच्या तिठ्यावर मोटार ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. तिथून खरा हिशेब सुरू होतो. पायऱ्यांसाठी त्यांनी डोली केली. पण डोली लेण्याच्या दारापर्यंतच. दारात पादत्राणे काढावयाची, आणि फुप्फुसाच्या रोग्याला वाकणे हे दहा पायऱ्यांहून जड. त्या वाकण्याचे वर्णन दीड पान चालते. आमच्या वाचनातल्या कोणत्याही प्रवासवर्णनात चपला काढण्यास दीड पान लागलेले नाही.

आम्ही यास कंटाळवाणा तपशील म्हटले होते. परंतु प्रवासवर्णनाची प्रतिज्ञाच जर ‘मी गेलो ती वाट दाखवतो’ अशी असेल, तर या वाटेवरचे टप्पे हेच आहेत. निरोग्याच्या नजरेस ते पडत नाहीत, इतकेच.

मराठीत याची पूर्वपीठिका अगदीच नाही असे नव्हे. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घरोघरी वाचले गेले, व ते योग्यच झाले. मात्र त्याचे शीर्षकच सांगते की तेथे रोगाने काहीतरी शिकवले पाहिजे. रोग हा गुरू, ही आपली लाडकी कल्पना; ज्याच्या रोगाने साक्षात्कार दिला नाही त्याने काय लिहावे? नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहिताना साधनाचेच नाव पुस्तकास दिले, हे आम्हांस अधिक धीट वाटते. आणि बाबा आमटे? मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य होते. उभे राहावे किंवा आडवे व्हावे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडोच्या यात्रेस निघाला. तरुण सायकलींवर आणि बाबा बसमधल्या बिछान्यावर. या यात्रेतले ध्येय आपण आठवतो, बिछाना विसरतो. समीक्षेचा दोष म्हणावा तो हाच. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले तेव्हा दिल्लीच्या काही स्मारकांत त्यांच्या खुर्चीसाठी लाकडी उतरणी टाकाव्या लागल्या. त्यांच्या भेटीचा विचार त्या फळ्यांवाचून होऊ शकतो काय?

वहीत दोषही आहेत. औषधांची नावे फार आहेत. भाच्याचे कौतुक तीनदा येते. लेण्यांचा इतिहास शालेय पुस्तकातून उतरला आहे. तो गाळला असता तर बरे झाले असते. पण सोळाव्या लेण्यापाशी येताच लेखणी बदलते. तेथे भिंतीवर ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे चित्र आहे. ही नंदाची पत्नी सुंदरी. पतीने संसार सोडल्याचे कळून ती कोसळली आहे. विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवताना बाई सुंदरीच्या मिटत्या डोळ्यांबद्दल बोलत असत. या वेळी त्यांना दुसरेच काही दिसले. मागून तिला आधार देणारी दासी, मनगट हाती धरून बसलेली दासी, वारा घालणारी दासी. चित्रकाराने मूर्च्छा एकटी रंगवलीच नाही. तिच्याभोवतीची सगळी हाताळणी रंगवली आहे. अंधाऱ्या, शांत लेण्यात यंत्राचा फुस्स फुस्स आवाज मोठा येत होता, लोक वळून पाहत होते, आणि भाचा पिशवीचा पट्टा धरून मागे उभा होता. ‘पंधरा शतकांपूर्वीच्या या माणसाने माझा भाचा आधीच काढून ठेवला आहे,’ असे त्या लिहितात.

अजिंठ्याच्या चित्रांविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे. हे निरीक्षण मात्र आम्हांस दुसरीकडे आढळले नाही. ते त्या पिशवीशिवाय सुचले असते असे वाटत नाही.

आमचा तो अभिप्राय बाईंनी ऐकला होता. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर वहीच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, ती त्यांच्या पश्चात भाच्याने आम्हांस दाखवली. घरी पोहोचल्यावर बॅटरीत किती टक्के उरली होते याचा तो आकडा आहे: ११.