उपासनेचा साचा आणि राष्ट्राची व्यथा : एलितिस यांचे ‘आक्सिओन एस्ती’

आधुनिक ग्रीक काव्यात ओडिसेअस एलितिस (१९११–१९९६) यांचे स्थान थोर आहे. क्रीट बेटावर जन्मलेले हे कवी १९४०-४१ च्या युद्धात आल्बेनियाच्या आघाडीवर सेकंड लेफ्टनंट होते. ते युद्ध आणि पुढील परकीय अंमलातील उपासमार यांची व्यथा त्यांच्या ‘आक्सिओन एस्ती’ (१९५९) या दीर्घकाव्यात उतरली. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

‘आक्सिओन एस्ती’ म्हणजे ‘हे योग्य आहे’. ऑर्थोडॉक्स उपासनेत प्रभूच्या मातेच्या गौरवार्थ गाइल्या जाणाऱ्या स्तोत्राचे हे आरंभीचे शब्द होत. काव्याचे भाग तीन : उत्पत्ती, दुःखसहन व गौरवगान. मधल्या भागात अठरा स्तोत्रे, बारा गीते आणि सहा गद्य पाठ आहेत. हे पाठ शास्त्रपाठाच्या धर्तीवर युद्धकाळाची हकीकत सांगतात.

येथे धर्मोपदेशकास शंका येणे साहजिक आहे. दुःखसहनाच्या स्थानी प्रभू नसून पीडित राष्ट्र उभे आहे. ही शंका रास्त आहे. हे काव्य विश्वासाचा अंगीकार नव्हे, आणि तसे समजून ते वाचू नये. तथापि गौरवगानात कवी वारे, बेटे, फुले यांची नावे घेऊन त्यांस स्तुतीस योग्य ठरवितो, तेव्हा निर्मितीच्या चांगुलपणाची साक्षच आपल्या कानी येते.

आपल्याकडे रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) उलट दिशेने चालले. त्यांनी वारकऱ्यांचा अभंग ख्रिस्तचरणी आणला. एलितिस यांनी मंडळीचा साचा राष्ट्राच्या दुःखाकडे नेला. दोघांचेही बळ एकच : लोकांच्या ओठी आधीच रुळलेली वाणी. १९६४ साली मिकिस थिओडोराकिस यांनी संगीत दिल्यावर हे कठीण काव्यही सामान्य ग्रीकांच्या मुखी गेले, ते याच कारणाने.

आपली भाषा थोड्यांची असली तरी तिची काव्यपरंपरा अडीच हजार वर्षे अखंड आहे, असे एलितिस यांनी नोबेल व्याख्यानात सांगितले. इंदूरच्या सुदामा नगरातील मराठी कुटुंबास याचे मर्म सहज उमजावे. जेथे बाजार व शाळा हिंदीत चालतात, तेथे मराठी प्रार्थना ही भाषेचेही आश्रयस्थान ठरते. म्हणून पाळकाने स्तोत्र निवडताना एवढे अवश्य पाहावे : या शब्दांत आपल्या लोकांची भूक आणि त्यांचे अश्रू मावतात काय? मावत नसतील, तर लोक ते दुःख घेऊन अन्यत्र जातील.