परक्या देवळातली गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत वाचलेली पुस्तके माणसाला फराळाच्या वासासकट आठवतात. मी सोळा वर्षांचा असताना काकांच्या कपाटात ‘क्वो वादिस’ ही जाडजूड कादंबरी इंग्रजी भाषांतरात सापडली, आणि नरकचतुर्दशीपासून भाऊबिजेपर्यंत माझा मुक्काम नीरो बादशहाच्या रोममध्ये पडला. चकल्या तळता तळता आत्याने विचारले, “काय रे, ते मिशनऱ्यांचं पुस्तक ना? बाटवायला लिहिलेलं?”

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. आत्याचा संशय अगदीच खोटा नव्हता. शेवटच्या पानापर्यंत वाचकाने आपल्या देवापुढे मान लववावी, अशी ज्या लेखकाची इच्छा उघड दिसते, त्याची कादंबरी त्या धर्माबाहेरच्या माणसाने इतक्या आनंदाने का वाचावी? आणि वाचताना त्याच्या गाठचे काही जाते का?

असल्या कादंबऱ्यांची परंपरा जुनी आहे. कार्डिनल वाइजमन यांची ‘फाबिओला’ 1854 ची. अमेरिकन यादवीत लढलेल्या ल्यू वॉलेस या सेनापतीची ‘बेन-हर’ 1880 ची. पोलिश कादंबरीकार हेन्रिक सिएन्किएविच यांची ‘क्वो वादिस’ 1896 मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तर लॉइड डग्लस यांची ‘द रोब’ 1942 मध्ये. पुष्कळ ठिकाणी साचा एकच. एक गर्विष्ठ रोमन तरुण, एक भाविक मुलगी, मध्ये धर्माची भिंत, मग छळ, अग्निदिव्य आणि तरुणाचे मनःपरिवर्तन. या साच्यातला कच्चा दुवा चाणाक्ष वाचकाला लगेच दिसतो. हा गृहस्थ बदलला तो देवासाठी की मुलीसाठी? बरेच लेखक येथे डोळेझाक करतात. सिएन्किएविच करीत नाहीत, आणि तेथेच त्यांची कादंबरी वेगळी होते.

त्यांचा नायक विनिशियस हा आरंभी मुळीच प्रेम करण्याजोगा नाही. लिजिया ही दूरच्या एका टोळीच्या राजाची मुलगी, रोममध्ये ओलीस म्हणून राहिलेली. ती आवडताच तो बादशहाच्या हुकमाने तिला तिच्या मानलेल्या आईबापांच्या घरातून उचलून आणवतो, बाजारातून एखादी मूर्ती आणवावी तशी. ती वाटेतूनच निसटते, तेव्हा ज्या म्हाताऱ्या गुलामाने त्याला लहानपणी कडेवर खेळवले, त्याला तो रागाच्या भरात ठार करतो. पुढे तिला पळवून नेण्यासाठी तो स्वतः जातो, तर तिचा राखणदार, राक्षसी ताकदीचा उर्सुस, त्याला लोळवतो. हात मोडून पडलेल्या त्या शत्रूची शुश्रूषा तेच ख्रिस्ती लोक करतात. यानंतरचा बदल लेखकाने फार सावकाश दाखवला आहे. विनिशियस घरी परततो, तो त्याच्या गैरहजेरीत गुलामांनी मेजवानी मांडलेली. एरवी पाठीची सालटी निघाली असती. या वेळी तो क्षमा करतो आणि स्वतःच चकित होतो. ज्याचे प्रेम हुकूम सोडत होते, ते आता विनंती करायला शिकते. धर्मांतराचा विधी पुढे होतो, पण वाचकाला माणूस बदललेला आधीच पटलेला असतो. तो पटण्यासाठी वाचकाने त्या धर्माचे असण्याची गरज नाही. अहंकार सोडणे किती कठीण, हे आपल्या घरातही सर्वांना ठाऊक असते.

परंतु मला ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती विनिशियससाठी नव्हे, त्याच्या मामासाठी. पेत्रोनियस हा इतिहासातला माणूस. टॅसिटसने त्याच्याविषयी लिहिले आहे. नीरोच्या दरबारात सुरुचीचा निवाडा करणारा हा रसिक इ. स. 66 मध्ये बादशहाच्या अवकृपेमुळे शिरा कापून घेऊन मेला. कादंबरीत तो सर्वांत बुद्धिमान, सर्वांत विनोदी आणि सर्वांत मोहक आहे. आणि तो ख्रिस्ती होत नाही. भाच्याच्या पत्राला तो उत्तर धाडतो. त्याचा मथितार्थ असा, की आपली पालखी वाहणाऱ्या आणि न्हाणीघर तापवणाऱ्या गुलामांवर प्रेम करणे आपल्याला जमणार नाही. सुंदर ते सोडून कुरूपाला कवटाळणे आपल्या स्वभावात नाही. शेवटी मित्रांना जेवायला बोलावून, नीरोच्या भिकार कवितांची यथेच्छ टिंगल करणारे पत्र वाचून दाखवून, आपल्या युनिसेसह तो शांतपणे प्राण सोडतो.

विचार करा, प्रचारच करायचा असता तर हे पात्र किती अडचणीचे! ज्याने आपला देव नाकारला, त्यालाच लेखकाने आपल्या भांडारातली उत्तम वाक्ये दिली. येथे परका वाचक निश्चिंत होतो. आपल्यासारख्या न मानणाऱ्यालाही या घरात बसायला पाट आहे, हे त्याला कळते. ‘बेन-हर’मध्ये हा पाट नाही. रथांच्या शर्यतीत मेसालाचे चाक नायकच मुद्दाम मोडतो, आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण मेसालाच्या बाजूने दोन शब्द बोलायला वॉलेसने कोणाला ठेवलेच नाही. शर्यत स्मरणात राहते. मेसालाचे मन मात्र बंदच राहते.

‘क्वो वादिस’ निर्दोष आहे असे नव्हे. लिजिया इतकी शुभ्र रंगवली आहे, की तिचा चेहरा दिसत नाही. इ. स. 64 ची आग नीरोनेच लावली का, हे टॅसिटस अनिर्णित ठेवतो. कादंबरीकार मात्र निकाल देऊन मोकळे होतात. तरीही या भाबडेपणामागे एक दुःख आहे. पुस्तक लिहिले गेले तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता; रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. लिजियाच्या टोळीचा मुलूख पुढच्या पोलंडच्या भूमीत होता असे मानत. आखाड्यात रानबैलाच्या शिंगांना बांधलेली ती मुलगी आणि नुसत्या हातांनी त्या बैलाची मान मोडणारा उर्सुस पाहताना पोलिश वाचकाला काय वाटले असेल, हे साम्राज्याखाली राहिलेल्या आपल्याला समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही याचा पडताळा मिळतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. लेखक ख्रिस्ती झालेले, हेतूही लपवलेला नाही. पण आज ती आठवते ती त्या हेतूमुळे नव्हे, हिंदू विधवांच्या दुःखामुळे. उपदेश जागच्या जागी राहिला, अश्रू सर्वांचे झाले. आणि उलट पाहू जाता, हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मधला उदयभानू मला आता पूर्वीसारखा पुरत नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या उद्या एखाद्या पोलिश मुलाने वाचल्या, तर त्याच्यासाठी आपण कोठे पाट मांडला आहे काय? हा प्रश्न मला ‘क्वो वादिस’ने दिला. गाठचे काही गेले नाहीच; उलट हे एक पदरात पडले.

त्या दिवाळीत मी रोज रात्री आत्याला गोष्ट सांगत असे. लिजिया सुटली, लग्न झाले, सगळे तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “ते राहू दे. त्या मामाचं काय झालं ते सांग.”

मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून समईची वात सारखी करत म्हणाली, “आणखी असलं पुस्तक असेल तर आण हो.”